किल्ल्यांचा जुडगा आणि पाच पेट्या

साक्षात त्र्यंबकराजा दारात उभा राहिला तरी आमचे मालक आधी ‘कोण?’ असं विचारतील, आणि उत्तर मिळाल्यावर ‘कशावरून?’ असं विचारतील. त्र्यंबक रोडच्या आतल्या अंगाला त्यांच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसवर मी कामाला लागलो, तेव्हा पहिला महिनाभर ते रोज सकाळी माझं आधार कार्ड मागत. ‘कालच दाखवलं की,’ म्हटलं तर म्हणत, ‘काल तू होतास. आज कोण हाय ते मला काय माहीत?’ मी गडचिरोलीकडचा, आठवीत शाळा सुटलेला. मालक टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. शिकलेली माणसं असंच बोलत असतील असं समजून मी गुपचूप कार्ड पुढं करायचो. एवढ्या लांब येऊन काम मिळालं होतं, राहायला खोली मिळाली होती, मालकीणकाकू दोन वेळा जेवायला घालत होत्या. कुठल्या शब्दानं हे सगळं जाईल, याचीच मला सारखी धास्ती असे.

घराला तीन कड्या आणि तीन कुलपं. फाटकाला वेगळं, औषधांच्या खोलीला वेगळं. साखरेच्या डब्यालाही एकदा कुलूप लागलं आणि त्याची किल्ली हरवली. कुलूप तोडू दिलं नाहीच, वर बिनसाखरेचा चहा पीत मालक समाधानानं म्हणाले, ‘पण चोराला तरी मिळाली का?’ सगळ्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कंबरेला. ते चालले की बैल आल्यासारखा आवाज व्हायचा. काकूंना सोडून तो जुडगा कुणाच्या हातात गेलेला मी पाहिला नव्हता.

पण त्यांचा खरा जीव पेट्यांत. आमचा मळा डोंगराच्या कुशीत, मोबाईलला रेंज नाही. इंटरनेटची वायर येते ती मालकांच्या वरच्या घरापर्यंत. तिथून मालकांनी शेजारच्या मळ्यांमधून खांब उभे करून पाच पेट्या बसवल्या होत्या. एक पेटी दुसरीला हवेतूनच निरोप देते, दुसरी तिसरीला, असं करत तो खाली माझ्या खोलीपर्यंत येतो. चार शेतकऱ्यांच्या मोटारी, व्हॉल्व्ह, खताच्या टाक्या याच पेट्यांवरून मोबाईलनं चालतात. पूर्वी शेजाऱ्याच्या बागेत कुणीतरी परक्यानं लांबूनच मोबाईलवरून खताचा व्हॉल्व्ह उघडून ठेवला होता. फुलावर आलेली सगळी झाडं जळाली. तेव्हापासून मालकांनी असं करून ठेवलं की प्रत्येक पेटीनं येणाऱ्या प्रत्येक निरोपाला ‘कोण? कशावरून?’ विचारायचं, आणि खात्री पटली तरच पुढं सोडायचं.

ते मला हे समजावून सांगायचे. मी मान हलवायचो. मला एवढंच कळायचं की निरोप सुरक्षित होता, पण वाटेतच होता. मोटार बंद करायचं बटण दाबलं तरी हौद भरून वाहायचा. काकू पायरीवर बसून म्हणायच्या, ‘बघत काय बसलाय? बंद व्हायला निघालीये ती. पोचायचीये अजून.’ मालक म्हणायचे, ‘हौदातनं पाणीच जातंय ना? बाग तर नाय जळत?’ दोघांचंही मला पटायचं, त्यामुळे माझा गोंधळ आणखी वाढायचा.

रविवारी मी आईला व्हिडिओ लावायचो. मी ‘जेवलीस का?’ विचारलं की ते ‘जेवलीस का?’ पाच ठिकाणी ओळख पटवत जायचं, आणि तोवर आई मोबाईलकडं नुसती बघत राहायची, डोळे बारीक करून.

अशात आईनं माझ्यासाठी मुलगी पाहिली. मला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती, म्हणून मुलीचे वडील आईच्या घरी येऊन व्हिडिओवरच बोलणार होते. आमच्याकडं तीनदा बोलणी फिसकटली होती, पोरगा परमुलखात काय करतो कोण जाणे, म्हणून. मी मालकांना हात जोडले, अर्धा तास तेवढी पेट्यांची विचारपूस बंद ठेवा.

‘अर्ध्या तासात काय काय होतं, तुला नाय माहीत,’ ते म्हणाले. ‘चार जणांची बाग हाय याच्यावर.’

ठरल्या दिवशी व्हिडिओ लागला आणि मुलीच्या वडिलांनी पहिलं विचारलं, ‘दारू घेता का जी?’ मी लगेच ‘नाही जी’ म्हटलं. ते वाट बघत राहिले, शेजारच्या माणसाकडं पाहिलं, आणि पुढचं विचारलं, ‘पोरीला सुखात ठेवाल ना?’ तेवढ्यात माझं ‘नाही जी’ तिकडं पोचलं. त्यांचा चेहरा उतरला. मी ‘हो जी, हो जी’ म्हणत सुटलो. ते पोचलं, तोवर ते विचारत होते, ‘पहिलं एखादं लग्न झालं होतं का?’

‘काहून रे बाबू,’ आई रडवेली होऊन म्हणाली, ‘असा काहून बोलतोस?’

मी मोबाईल खाली ठेवणार, तेवढ्यात मालकांनी तो माझ्या हातातून घेतला. कोण बोलतंय ते बघायला ते मागंच उभे होते. सवयीनं त्यांनी आधी मुलीच्या वडिलांनाच विचारलं, ‘आपण कोण?’ मग पेट्या समजावल्या. तिकडं कुणालाच काही कळलं नाही. शेवटी ते गृहस्थ म्हणाले, ‘ते राहू द्या जी. पोरगा कसा आहे, तेवढं सांगा.’

मालक कंबरेचा जुडगा चाचपत राहिले. हा उशीर काही पेट्यांमुळे नव्हता. मग हळूच म्हणाले, ‘माझ्या घरादाराच्या किल्ल्या याच्याकडं असतात.’

ते तिकडं उशिरानंच पोचलं असणार. पण पोचल्यावर मुलीच्या वडिलांनी टोपी सारखी केली आणि आईकडं बघून मान हलवली.

फोन बंद झाल्यावर मालकांनी कंबरेचा जुडगा सोडून माझ्यापुढं धरला. ‘धर. खोटं बोलायची सवय नाय मला.’

पुढं ते आठवडाभर खांबांवर चढत-उतरत होते. आता सकाळी पहिली पेटी काय ती कसून चौकशी करते, आणि दिवसभर बाकीच्या तिच्या शब्दावर सोडतात. दुसऱ्या सकाळी परत पहिल्यापासून. मोटार लगेच बंद होते. आईही आता लगेच बोलते. मोबाईलकडं बघत थांबलेला तिचा तो चेहरा मात्र आता दिसत नाही.

मालकांना हल्ली कमी दिसतं. संध्याकाळी मी पायऱ्या चढताना ते अंगणातून विचारतात, ‘कोण?’ मी नाव सांगतो. ‘कशावरून?’

मी खिशातला जुडगा वाजवतो.

‘मग ये,’ म्हणतात, आणि बाजेवर माझ्यासाठी जरा सरकून बसतात.