अमावस्येला आलेलं आईचं पार्सल

मैत्रिणींनो, हदगावहून आई एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती मला नेहमी काही ना काही पाठवते. पण अमावस्येला ती घरातली वस्तू बाहेर जाऊ देत नाही. आज अमावस्या, आणि दुपारी नांदेडच्या स्टँडवर माझ्या नावाचं पार्सल आलं.

"लोणचं असंल," नवरा हसला. मला मात्र धास्ती वाटली.

आत तिच्या सगळ्या चांगल्या साड्या होत्या.

मी लगेच फोन केला. "आई, आज अमावस्या आहे ना गं?"

"आता मला कशाची आमुशा न् कशाची पुनव, माय? तू नेस. मला कुठं जायाचंय?"

तब्येतीचं विचारलं, तर तिनं फोन ठेवून दिला.

साड्या परत द्यायला मी हदगावच्या बसमध्ये बसलेय. तिनं दिलेलं आपण घेतलंच नाही, तर आई जायची थांबते का हो?