फाशावरचा पंजा

फासा टाकला की आकडा दिसायच्या आत अण्णा त्यावर पंजा ठेवायचे आणि समोरच्याला एकच शब्द विचारायचे, "बघायचं?"

हो म्हटलं की पंजा उठायचा आणि नशिबात असेल ते भोगायचं. नको म्हणायचीही मुभा होती. पण नको म्हटलं, तर गोष्टीतल्या दाराआड जे काही होतं ते पुढे कधीतरी पाठीमागून यायचं. हा नियम खास अण्णांचा.

सांगलीकडच्या एका बस स्टँडवर अण्णा कंट्रोलर होते आणि मी पासच्या खिडकीवर. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माईकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. पुण्याच्या पुतण्याने त्यांना एक खेळ आणून दिला होता. एकाने भुताखेताची गोष्ट रचत न्यायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं होऊन आपण काय करणार ते सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. सोबतचं इंग्रजी पुस्तक अण्णांनी परत पाठवलं आणि वीस बाजूंचा फासा तेवढा ठेवून घेतला. दुपारी वर्दळ कमी झाली की विश्रांतीच्या खोलीत पंख्याखाली आमचा डाव बसायचा. मी, वर्कशॉपचा बाळू आणि कंडक्टर सुवर्णाताई.

तुम्हाला वाटेल, भुताची गोष्ट म्हणजे आवाज घोगरा करायचा, डोळे वटारायचे. अण्णांना असल्या नाटकांचा तिटकारा. गाडीची घोषणा करावी तशा सपाट आवाजात ते सांगायचे, "दार उघडं आहे. आत कुणी नाही. ताट वाढलेलं आहे. भात गरम आहे." भर दुपारी घाम पुसता पुसता आमच्या अंगावर काटा यायचा. एवढं भ्या कशानं वाटतं, असं बाळूने एकदा विचारलं.

"भ्या आवाजात नसतं गड्या," अण्णा म्हणाले. "थांबण्यात असतं."

एका गोष्टीत औंधहून सुटलेल्या गाडीत तिकिटांपेक्षा एक माणूस जास्त निघाला. दुसरं कुणी असतं तर चालत्या गाडीतून उडी टाकली असती. सुवर्णाताई गोष्टीतही कंडक्टरच. त्या मागच्या सीटवरच्या अनोळखी बाईपाशी गेल्या आणि सवयीप्रमाणे विचारलं, "कुठं जायचं?"

अण्णांनी चहाचा घोट घेतला. सावकाश कप खाली ठेवला.

"बाई म्हणतीया, तुमी उतरशिला तितं."

बाळूने तिथल्या तिथे आपला कप पालथा घातला. हा अण्णांचा दुसरा नियम. ज्याला सोसेना त्याने कप पालथा घालायचा, गोष्ट तिथेच संपली. का घातला ते विचारायचं नाही, आणि पुढे काय होणार होतं तेही नाही. बाळूने आणि मी पुष्कळ कप पालथे घातले. सुवर्णाताईंनी एकही नाही, आणि ते त्या साऱ्या स्टँडला ऐकवायच्या.

मग अण्णांचा आवाज बसू लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी घशात गाठ आहे म्हणून सांगितलं. ऑपरेशन लवकर करा, मात्र आवाज राहील याची खात्री नाही. अण्णांनी चालढकल सुरू केली. आधी यात्रेच्या जादा गाड्या होऊ देत, मग लग्नसराई सरू दे. आवाज जाईल या भीतीने माणूस जीव घालवायला निघाला होता. मला त्यांचा राग यायचा.

एका दुपारी डाव ऐन रंगात असताना सुवर्णाताईंनी फासा टाकला आणि अण्णांच्या आधी त्यावर स्वतःचा पंजा ठेवला.

"बघायचं?" त्यांनी अण्णांना विचारलं.

अण्णांना कळलं. ते खिडकीबाहेर बघत बसले.

"आवं अण्णा, नियम तुमचाच हाय. न बघितलेलं मागनं येतंय."

बाहेर एक गाडी लागली आणि सुटलीही. "उचल हात," अण्णा म्हणाले. फाशावर किती पडलं, ते आज आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही. त्याच आठवड्यात मी त्यांना मिरजेला घेऊन गेलो.

जीव वाचला. आवाज गेला. कानाला तोंड लावलं तर कळेल एवढी कुजबुज राहिली. माईकवर दुसरा माणूस आला. अण्णांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि फलटणला लेकीकडे जायचं ठरवलं.

जायच्या आदल्या दुपारी ते खोलीत आले आणि खिशातून फासा काढला. त्यांनी माझ्या कानात सांगायचं आणि मी मोठ्याने बोलायचं, असं ठरलं. गोष्ट रिकाम्या घराची होती. जिन्याखालचं दार मी उघडते, असं सुवर्णाताई म्हणाल्या. फासा पडला. अण्णांनी पंजा ठेवला, नुसते ओठ हलले.

"बघायचं," ताई म्हणाल्या.

पंजा उठला. आकडा वाईट होता. अण्णा माझ्या कानाशी वाकले. मी ऐकत राहिलो. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, तोंड कोरडं पडलं. सुवर्णाताई माझ्या चेहऱ्याकडे एकटक बघत होत्या. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

ताईंनी कप पालथा घातला.

अण्णा मागे टेकून हसायला लागले. आवाज नव्हता, पण खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतका खूश झालेला माणूस मी त्या स्टँडवर दुसरा पाहिला नाही.

अण्णा आता फलटणला असतात. सुवर्णाताई अजूनही पासच्या खिडकीशी घुटमळतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि हळूच विषय त्या दुपारवर आणतात. मी ताकास तूर लागू देत नाही. कप पालथा झाला की विचारायचं नाही, नियम म्हणजे नियम.

ताईंना सांगू नका, पण अण्णा माझ्या कानात काहीच बोलले नव्हते.