सगळ्यांचा विचार केलेलं मैदान

“ए, ऊठ तिथून. ऊठ. आमचा बॉल आहे तिथं.”

मी करंजीच्या झुडपामागं बसले होते. अशा वेळी एकदम उठता येत नाही. ज्याला येत असेल त्यानं उठून दाखवावं. पांढरा बॉल घरंगळत येऊन माझ्या चपलेजवळ थांबला होता आणि त्याच्या मागोमाग चार माणसं आली होती. एकानं तोंड फिरवलं. दोघं हसले. ज्याचा बॉल होता तो मात्र हातात काठी घेऊन तसाच उभा. मान वळवायचीही त्याला गरज वाटली नाही. मी कशीबशी उठले. साडी खाली सोडली. पोटरी ओली झाली होती, ती झाकली. चेहऱ्याला दुपट्टा बांधलेला होता म्हणून चेहरा तरी वाचला.

तो सोबत्यांना म्हणाला, “काय घाण करून ठेवतात ही लोकं. अख्ख्या होलचा मूड गेला.”

मूड त्याचा गेला. माझं काय गेलं ते त्यानं विचारलं नाही. मी बाजूला सरकले, त्यानं नाक दाबून बॉल मारला आणि ते चौघं पुढं निघून गेले. मी पुन्हा गवतात बसून लव्हाळा उपटायला लागले. रडू आलं नाही. संताप आला, आणि तो कुठं ठेवावा ते कळेना.

अमरावतीहून दर्यापूरकडं निघालं आणि वलगाव मागं पडलं की आत एका फाट्यावर हे गोल्फचं मैदान आहे. खाजगी. आजूबाजूला कपाशी, सोयाबीन, उन्हाळ्यात नुसती भेगाळलेली काळी जमीन, आणि मधोमध हा हिरवा तुकडा. अमरावती-अकोल्याचे मोठे लोक इथं मेंबर आहेत. नागपूरचे पाहुणे येतात. मी तेल्हाऱ्याकडची, लग्न होऊन इकडं आले. नवरा दर्यापूर लाइनवर काळीपिवळी जीप चालवतो. बारावी झालेली आहे मी, पण इथं त्याचा काही उपयोग नाही. आम्हा बायांचं काम एकच. हवं ते गवत ठेवायचं, नको ते उपटायचं. पाला झाडायचा. वाळूचे खड्डे दाताळ्यानं सारखे करायचे, म्हणजे साहेब लोकांचा बॉल त्यात पडला तरी वाळू छान दिसली पाहिजे.

दिवसभर वाकून काम करताना त्यांचं बोलणं कानावर पडतं. आम्ही आहोत म्हणून कोणी आवाज कमी करत नाही. “गालिचा आहे, गालिचा.” “पुण्यात सुद्धा असं नाही.” “आखणारा माणूस ग्रेट. डावीकडं पाणी, उजवीकडं वाळू, आणि नेमकं दमलो की समोर बाक.” खोटं नाही बोलत ते. मैदान सुंदरच आहे. सकाळी दव असतं तेव्हा मलाही तिथं चालायला आवडायचं. बाकावर बसलं की बरोबर सावली येते. थंड पाण्याचे जार जागोजागी आहेत. अर्ध्या वाटेवर कौलारू छपराचं छोटंसं घर आहे, त्याला मेंबर ‘हट’ म्हणतात. तिथं चहा आहे, सरबत आहे, आणि मागच्या बाजूला बायांचं एक, पुरुषांचं एक, असे दोन संडास आहेत. फरशी अशी की बघावं.

आमच्यासाठी पंपाच्या शेडमागं प्लास्टिकची टाकी. प्यायला तीच. आणि जायला करंजीचं झुडूप. पुरुष कामगार शेडच्या भिंतीला उभे राहून मोकळे होतात, त्यांचं कधी काही अडलं नाही. आमच्यात बौद्ध वस्तीतल्या बाया आहेत, माळ्याच्या आहेत, मुसलमानाच्या आहेत. डबे खाताना थोडं इकडंतिकडं सरकून बसणाऱ्या या बाया, पण त्या झुडपाकडं जाताना एकमेकींची राखण करायच्या. त्या दिवशी माझी राखण करायला कोणी नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरनं आम्हाला ऑफिससमोर ओळीनं उभं केलं. हा माणूस आमच्याच भागातला, दर्यापूरचा, पण मैदानावर शुद्ध बोलतो.

“घरून करून यायचं. घरी जाऊन करायचं. मध्ये कोणी झुडपात दिसलं तर काम बंद.”

जमीला खाला माझ्या शेजारी उभी होती. आमच्यातली सगळ्यात मोठी. साठीच्या पुढची, शुगरची पेशंट. तिनं हळूच विचारलं, “सायेब, दिवसभर?”

“बाकीचे राहत नाहीत का?”

बाकीचे म्हणजे कोण, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मग आम्ही पाणी प्यायचं बंद केलं. कोणी ठरवलं नाही, पण सगळ्यांनी तेच केलं. सकाळी अर्धा कप चहा, मग थेट संध्याकाळी घरी गेल्यावर पाणी. बाजूला फवारे सुरू. गवताला सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, त्याला ऊन सोसत नाही म्हणून. आणि आम्ही वऱ्हाडच्या उन्हात जीभ टाळूला चिकटवून त्या गवतातून हिंडायचो. मला त्या गवताचा राग यायला लागला होता. गवताचा राग येणं म्हणजे वेडच, पण खरं सांगते, यायचा.

व्हायचं तेच झालं. लघवीला आग, कळा, ताप. नवऱ्यानं अमरावतीला नेलं. लोक म्हणाले, या आजाराचे हे मोठे डॉक्टर, इथंच दाखवा. नंबर लागला, आत गेले, डॉक्टर बोलले आणि मी दारातच गार पडले. तोच आवाज. करंजीपाशी ‘ऊठ’ म्हणणारा. इथं मात्र म्हणाले, “बसा ना ताई.”

इथं मी ताई होते. पैसे भरून आले होते ना.

“पाणी कमी पिता तुम्ही. भरपूर प्या. आणि लघवी दाबून ठेवायची नाही अजिबात. किडनीवर जातं हे. कळलं?”

“जागा नाही सायेब जायले. कामावर.”

“कुठे आहात कामाला?”

“तुमच्या गोल्फच्या मैदानावर. तुमचा बॉल आलता न झुडपात, तठी मीच होती.”

नवरा माझ्याकडं बघत राहिला. त्यालाही मी हे सांगितलं नव्हतं. डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडं नाही, दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, “असं का. बोलतो मी मॅनेजरशी.” आणि बेल दाबली. पुढचा पेशंट आत आला.

मला आता स्वतःचीच चीड येते, पण त्या दिवशी मी खूश होऊन घरी गेले. वाटलं, मोठा माणूस आहे, त्यात डॉक्टर. त्याला तर कळतं शरीरात काय होतं ते. खालाला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, “होईन बेटा. त्याच्या शब्दाले वजन आहे.”

वजन होतं. डॉक्टर खरंच बोलले मॅनेजरशी. मी बरी होऊन कामावर आले त्याच दिवशी मॅनेजरनं मला बोलावलं. चिडला की त्याचं शुद्ध बोलणं सुटतं.

“मेंबरच्या दवाखान्यात जाऊन रडगाणं गाते काय तू? तेथी बी तरास देता काय त्यायले?”

आणि हटच्या मागच्या दारावर पाटी लागली, ‘फक्त सदस्यांसाठी’. आधी पाटी नव्हती, कारण आम्ही तिथं जाऊ असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्या तक्रारीतून निघालं ते एवढंच.

मग शूटिंगचा दिवस आला. मैदानाची जाहिरात करायची होती. मेंबर लोक कॅमेऱ्यासमोर उभे राहून आपला अनुभव सांगणार, इथं खेळून कसं वाटतं ते. आम्ही पहाटेपासून पाला झाडला, वाळू सारखी केली. उजाडल्यावर मॅनेजर म्हणाला, “आता सगळ्या शेडमागं. शूटिंग होईपर्यंत एकीनंही बाहेर दिसायचं नाही.”

उन्हाळा लागला होता. शेड टिनाची. आम्ही टिनाला टेकून बसलो, सावली सरकेल तशा सरकत. शूटिंग काही संपेना. खालाची चुळबुळ सुरू झाली. शुगरवाल्या माणसाला दाबून धरता येत नाही, हे काय डॉक्टरनं सांगायला पाहिजे? मी म्हटलं, “खाला, जाय न भिंतीमागं. मी उभी राह्यते.” ती म्हणाली, “गडी हायेत तठी, बेटा.” होतेच. फवाऱ्यावाली पोरं भिंतीपाशी बसून मोबाइल बघत होती.

थोड्या वेळानं तिनं माझं मनगट धरलं. घट्ट. तिच्या बुडाखालची माती काळी होत गेली. तिची फिकी हिरवी सलवार ओली झाली. ती समोर बघत होती, ओठ दाबून. लेकी-सुना असलेली, पाच वेळची नमाजी बाई. लघवी लागलेल्या कपड्यात नमाज होत नाही, तिला जपून राहावं लागतं, हे मला तिनंच सांगितलं होतं. एवढंच म्हणाली, “कोणाले सांगू नोको.”

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. मी उभी राहिले. तिला हात धरून उठवलं.

“कुठी नेते?”

“चाल.”

शेडपासून हटपर्यंत मधून सरळ गेलं तर जवळ पडतं. आम्हाला मधून जायची परवानगी नाही, कडेकडेनं फिरून जायचं असतं. आम्ही मधून गेलो. झेंडा लावलेल्या त्या मऊ गवतावरून, चपला घालून. समोर कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यापुढं डॉक्टर उभे होते. पांढरी टोपी. फवाऱ्याच्या आवाजानं आधीचं बोलणं बिघडलं होतं वाटतं, कारण ते परत तेच बोलत होते.

“मी बऱ्याच ठिकाणी खेळलोय. पण इथलं डिझाइन वेगळं आहे. तुम्ही कुठं दमाल, कुठं तहान लागेल, कुठं ऊन डोळ्यावर येईल, सगळं आधीच ओळखलंय. इथं माणसाचा विचार केलाय. प्रत्येकाचा.”

आम्ही त्यांच्या मागून गेलो. कॅमेरावाला ओरडला, “थांबवा, थांबवा त्यांना.” मी थांबले नाही. खाला थांबायला बघत होती, मी तिला ओढत नेली. पाटीवाला दरवाजा ढकलला आणि आतून कडी लावली.

आत थंडगार होतं. आरशाखाली काचेच्या वाटीत मोगऱ्याची फुलं होती. घड्या घातलेले छोटे टॉवेल होते. मी खालाला स्वच्छ करायला पाणी दिलं, सलवार धुऊन पिळून दिली, अंग पुसायला टॉवेल दिला. ती सारखी म्हणत होती, “लवकर कर बेटा, कोणी येईन.”

“येऊ दे.”

मग मीही बसले. निवांत. इथं ‘ऊठ’ म्हणायला कोणी नव्हतं. बाहेरून दार वाजत होतं, वाजू दिलं. हात धुतले, तोंड धुतलं, नळाखाली ओंजळ धरून पोटभर पाणी प्यायले.

दार उघडलं तर मॅनेजर समोर. मागं डॉक्टर, आणखी दोघं मेंबर, कॅमेरावाला.

“लाज नाही वाटत तुले? पाटी दिसत नाही?”

मी चेहऱ्यावरचा दुपट्टा सोडला. मॅनेजरकडं पाहिलंच नाही.

“सायेब,” मी डॉक्टरांना म्हटलं, “तुमीच सांगतलं होतं न, पाणी पेजा, दाबून ठेऊ नोका. मी तुमचंच आयकून राह्यली. हे खाला शुगरची पेशंट आहे. आत्ता हिचे कपडे ओले झाले. तुमी तिकडे प्रत्येकाचा विचार केला म्हणून सांगत होते तवा.”

डॉक्टरांनी कॅमेरावाल्याला विचारलं, “मागं या दोघी आल्यात का? ते काढून टाकता येईल ना?”

तो म्हणाला, “हो सर, निघेल.”

हे मी जन्मात विसरणार नाही. करंजीपाशी ऐकलेलं एक वेळ विसरेन. तेव्हा त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. आता सगळं माहीत होतं.

“उद्यापासून येऊ नोको,” मॅनेजर म्हणाला.

“येईन. संडासले अठीच जाईन.”

हे आजचं आहे. संध्याकाळी परत येताना गाडीत बाया माझ्याशी बोलल्या नाहीत. एक म्हणाली, “तुले काय, तुया नवऱ्याची गाडी हाये. आमचं काम गेलं तं?” तिचं खोटं नाही. दुसरी म्हणाली, उगाच वाढवलं तू. मला ते पटलं नाही. आम्ही पाणी न पिता राहिलो तेव्हा काम टिकलं होतं आणि शरीर जात होतं. खाला खिडकीशी बसली होती. तिचा थांबा आला तेव्हा उतरताना म्हणाली, “सकाळी मले आवाज दे.”

नवरा म्हणतो, गेटवरच अडवतील. अडवू देत. गेटवर उभी राहीन. आत सोडलं आणि हटला कुलूप असलं तर कुलपासमोर उभी राहीन, खेळणारे येतील-जातील तिथंच. त्यांना दिसायला पाहिजे. शेडमागं मी आता बसणार नाही, आणि करंजीच्या झुडपामागं तर नाहीच.

तांब्या भरून उशाशी ठेवला आहे. उद्या तो पूर्ण पिऊन मी कामाला निघणार आहे.