एका रिंगचा फोन

कढीपत्त्याच्या फोडणीचा वास आला की मला अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या जुन्या बिल्डिंगचा जिना आठवतो. खालच्या मजल्यावर एक काकू एकट्या राहायच्या. मी शिकत असताना त्यांनीच मला जेवू घातलं. कमी उत्पन्न असणाऱ्यांना सरकारी मदतीतून मिळणारं फुकट सिम मीच त्यांच्या जुन्या फोनमध्ये घालून दिलं होतं. भाजी झाली की त्या मिस्ड कॉल द्यायच्या. एक रिंग म्हणजे 'खाली ये'. आमच्या गावाकडेही असंच चालायचं. त्या हिवाळ्यात रिंग येईनाशी झाली, म्हणून मी खाली गेलो. "देतेय की रे रिंग! तूच येत नाहीस," काकू रागावल्या. "आणि ऑपरेशनच्या तारखेसाठी हॉस्पिटलचाही फोन नाही." मी त्यांचा नंबर लावला. तो बंद झाला होता. मी लगेच सिमच्या कंपनीला फोन केला. तिथली बाई शांतपणे म्हणाली, महिनाभर वापर नव्हता म्हणून बंद केला. न उचललेली रिंग वापरात धरत नाहीत. काकू कळवळून म्हणाल्या, "अरे, सरकारचं म्हणून किती जपून वापरलं मी!" हॉस्पिटलने कितीदा तरी फोन करून शेवटी त्यांचं नाव यादीत मागे टाकलं होतं. मी नंबर पुन्हा सुरू करून घेतला, हॉस्पिटलकडे गयावया करून तारीख मिळवली आणि ऑपरेशन नीट झालं. आज मी नोकरीला लागलोय, ट्रॉयच्याच दुसऱ्या टोकाला राहतो. रविवारी काकूंची रिंग येते आणि ती थांबायच्या आत मी फोन उचलतो. "उचललास कशाला?" त्या ओरडतात. "नुसती भाजी झालीय!"