पंच्याण्णव मार्कांचा दिवा

आत्याच्या धंद्यात सगळ्यात मोठी शाबासकी दोनच शब्दांची होती: दिसत नाही. गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करायचं, बाही नाकाशी धरायचं, फाटलेली जागा शोधून शोधून शेवटी हात टेकायचं आणि म्हणायचं, कुठं होतं हो, दिसत नाही. त्या क्षणी आत्या चष्मा पदराला पुसायची. काच स्वच्छच असायची, पण हसू लपवायला काहीतरी करावं लागतं.

ती रफू करायची. वडिलांच्या मांडीला मांडी लावून शिकली होती आणि पुढं सुईतून मान वर काढायला सवडच मिळाली नाही, म्हणून लग्न राहून गेलं, असं ती लोकांना सांगायची. धाकट्या भावाच्या घरातली पुढची खोली तिची. तिथं खिडकीशी तिची बैठक, गुडघ्यावर कापड, शेजारी रिळांचा पत्र्याचा डबा. भाची तिला आत्या म्हणायची म्हणून सगळी इमारत आत्या म्हणायची. तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा.

मग समोर एक उंच इमारत उभी राहिली आणि खिडकीतलं ऊन गेलं. उन्हाच्या जागी समोरच्यांची वाळत घातलेली चादर आली. आत्याचं काम दिव्यावर आलं, आणि दिवा हे भावाचं खातं होतं.

भाऊ निवृत्त झाल्यापासून घरातली बटणं बंद करत फिरत असे. तुम्ही खोलीतून एक पाय बाहेर टाकला की टक् झालंच. पाय कुठं ठेवावा हे बघायला त्याची बायको, म्हणजे वहिनी, मागं वळली तर तोवर अंधार. भाचीनं त्याचं नाव बंदमास्तर ठेवलं होतं आणि ते त्याला मनातून आवडलं होतं. त्यानं बाजारातल्या स्वस्त ढिगातून निवडून घरभर नवे बल्ब लावले. खोक्यावर 'कूल' असं छापलेलं होतं. आता कूल म्हणजे थंड, हे कुणाला सांगायला नको. बंदमास्तरांनी दिवा लावून पंखा बंद केला. एकाच खर्चात उजेडही आणि गारवाही. वहिनी घामानं थबथबून त्याच बल्बच्या खोक्यानं वारा घेत होती, तर ते म्हणाले, जरा धीर धर, आत्ताच लावलाय, गार व्हायला वेळ लागतो.

त्या पांढऱ्याफटक उजेडात सगळं घर आजारातून उठल्यासारखं दिसायचं. पण उजेड भरपूर होता, तेव्हा तक्रार कोण करणार?

अशात बँडमास्तर आपला कोट घेऊन आले. गावातल्या बागेत त्यांचं वाद्यवृंदाचं पथक वाजवायचं. गडद निळा कोट, उजव्या काखेशी हातभर फाटलेला. चांगली रफूवाली धागा त्याच कापडातून काढते, शिवणीच्या आत राखलेल्या मायेतून. पण मास्तरांचं पोट वाढत गेलं तसतसा दर वर्षी कोट सैल केला गेला होता. माया कधीच संपली होती. आत्यानं डब्यातलं निळं रीळ काढलं, कूल दिव्याखाली कापडाशी धरलं. जुळ्या भावंडांसारखं जुळलं. तिनं रफू केलं आणि मास्तरांनी तिथंच त्या उजेडात पाहून म्हटलं, दिसत नाही.

बागेत मात्र ऊन होतं.

पहिल्या सुरालाच सनईवाल्याला मास्तरांच्या काखेत वांग्याच्या रंगाची एक लांब रेघ दिसली. मास्तरांनाही दिसली. त्यांनी जो उजवा हात बरगडीला चिकटवला तो पुढं सोडला नाही. नुसत्या बोटांनी ते ताल दाखवू लागले, आणि पथक बिचारं आज्ञाधारक, त्याला वाटलं मास्तरांना आज सगळं हळू हवंय. घोडदौडीच्या चालीचं गाणं त्यांनी असं वाजवलं की बाकावरची दोन म्हातारी माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी गेलं असावं, असं त्यांना वाटलं.

मास्तर भांडायला आले नाहीत, हेच वाईट झालं. ते दारात कोट घेऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "आत्या, तुमचे डोळे बरे आहेत ना?"

भांडण परवडलं असतं. आत्यानं कोट ठेवून घेतला आणि पुढच्या आठवड्यात बागेत पुन्हा कार्यक्रम आहे तोवर देते म्हणाली.  डोळ्यांच्या डॉक्टरांनी नुकतंच तपासून सांगितलं होतं, डोळे उत्तम. आता तिला वाटलं, म्हातारीचं मन राखलं त्यांनी. भाचीला तिनं सांगून टाकलं की हा कोट नीट झाला तर ठीक, नाहीतर खालच्या दारावरची 'येथे रफू करून मिळेल' ही पाटी काढायची.  आत्या पाटीबद्दल थट्टा करत नसते, हे भाचीला ठाऊक होतं.

तरी आपण नक्की काय केलं ते एकदा बघावं म्हणून आत्या कोट आणि डबा घेऊन गच्चीवर गेली. टाकीच्या सावलीतून बाहेर आली, बाही उलटी केली आणि तिला ती रेघ दिसली. चांगली ढळढळीत जांभळी. डब्याचं झाकण उघडून तिनं नकळत एक रीळ उचललं, कापडाशी धरलं. निळं. अगदी तेच निळं. दुसरं उचललं, जांभळं. तिसरं, काळपट हिरवं. ते तर ती इतके दिवस काळं समजत होती.

 मग तिला हसू फुटलं. आधी खुदकन, मग डबा खाली ठेवावा लागेल इतकं. डोळे नव्हते गेले. दिवा खोटं बोलत होता! ती गच्चीभर एकटीच गिरकी घेऊन आली, दोरीवरच्या कुणाच्यातरी लेंग्याला रीळ लावून बघितलं (राखाडी, हिरवट झाक), आणि जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, दिसतंय मला. बाई उगाच घाबरल्या.

दुपारी सगळं घर दिव्यांच्या दुकानात. आत्या डबा छातीशी धरून, वहिनी बघ्याच्या उत्साहानं, भाची साक्षीदार म्हणून आणि बंदमास्तर आपली बाजू राखायला. दुकानाची मालकीण, तिला सगळे दिवेवाली म्हणत, रिळांचा डबा बघूनच खूश झाली. तिनं ओळीनं दिवे लावून दिले आणि आत्या प्रत्येकाखाली निळं-जांभळं धरत चालली. काही दिव्यांखाली दोघं जुळी, काहींखाली लांबची नातेवाईक. एकाखाली तर एकमेकांचं तोंड न बघणारी.

"हा," आत्या म्हणाली.

बंदमास्तरांनी आधी तो किती वॅटचा हे विचारलं. दिवेवालीनं त्यांना समजावलं की वॅट म्हणजे दिवा खातो किती. देतो किती ते ल्युमेनमध्ये बघायचं. जास्त खाणारा जास्त कामाचा असतोच असं नाही, आणि हे म्हणताना तिनं आपल्या गल्ल्यावर डुलक्या काढणाऱ्या नवऱ्याकडं पाहिलं. तिसरी गोष्ट, तो रंग खरे दाखवतो की नाही. त्याचे शंभरपैकी मार्क असतात. ह्याला पंच्याण्णव.

"आणि आमच्याला?" भाचीनं विचारलं. बंदमास्तर घरातलं खोकं पुरावा म्हणून घेऊन आले होते. दिवेवालीनं ते फिरवून फिरवून पाहिलं. मार्क कुठंच नव्हते.

"निकाल राखून ठेवलाय," ती म्हणाली.

मग तिनं घरातला दिवा कुठं आहे ते विचारलं. छताला, आत्याच्या पाठीमागं. म्हणजे आत्या इतके दिवस स्वतःच्याच सावलीत सुई चालवत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. हा वाकत्या मानेचा दिवा डाव्या हाताला ठेवायचा, उजेड थेट कापडावर, आणि खातो छतावरच्याच्या निम्मं. बंदमास्तरांचा चेहरा उजळला. झोपायच्या खोलीसाठी वहिनीनं एक पिवळसर उबदार दिवा उचलला, त्यावर 'वॉर्म' लिहिलेलं पाहताच त्यांनी तो परत ठेवला.

"अगं, उन्हाळ्यात? आधीच्या थंड बल्बांनीही म्हणावा तसा गारवा दिला नाही."

 दिवेवालीनं ओठ चावला. कूल आणि वॉर्म ही उजेडाच्या रंगाची नावं आहेत, हवेची नाहीत, हे तिनं शक्य तितक्या गंभीरपणे सांगितलं. वहिनी स्टुलावर बसली आणि पदर तोंडात कोंबून हसली. आत्या डबा सांभाळत हसली, गल्ल्यावरचा नवरा जागा होऊन कारण न विचारता हसला. बंदमास्तर थोडा वेळ ताठ उभे होते. मग म्हणाले, मला वाटलंच होतं, घाम कसा येतोय, आणि जे हसले ते घरी पोचेपर्यंत. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं पंखा लावला. वहिनीनं तो दिवस लक्षात ठेवला.

आत्यानं जांभळा धागा एकेक करून उसवला आणि नव्या दिव्याखाली निळा विणला. त्या उजेडात निळ्यातसुद्धा तिला तीन निळे दिसत होते, आणि ती मधूनच स्वतःशी गुणगुणत होती. दिवा लावलेला असताना बंदमास्तर दोनदा दारापर्यंत आले, बटणाकडं बघितलं, आणि हात मागं बांधून परत गेले.

बागेत त्या आठवड्यात सगळे पहिल्या बाकावर होते. ऊन चांगलं खणखणीत होतं. मास्तर कोट घालून आले, त्यांनी आत्याकडं पाहिलं, आणि सगळ्यांच्या देखत दोन्ही हात जेवढे वर जातील तेवढे वर नेले. पथक मागच्या आठवड्याच्या संथपणाची भरपाई करत सुटलं. घोडे उधळले. बाकावरची म्हातारी माणसं पायानं ताल धरू लागली, सनईवाल्याला श्वास पुरेना, आणि मास्तरांची उजवी काख उन्हात उघडी, पुन्हा पुन्हा.

आत्या पुढं वाकली. चष्मा काढला, घातला. डोळे बारीक केले. रेघ कुठून कुठवर होती हे तिला बोटानं ठाऊक होतं, तिथं तिनं नजर रोवून धरली.

"काय गं ताई, काय झालं?" भावानं घाबरून विचारलं.

"दिसत नाही," आत्या म्हणाली, आणि चष्मा पदराला पुसायला घेतला.