पेल्यावरचं दुसरं नाव

आधीच सांगून टाकते — मी असलं काही मानणाऱ्यांतली नाही. नवी गाडी घेतली तेव्हा सासूबाईंनी आणलेलं लिंबू-मिरची मी गुपचूप डिकीत टाकून दिलं होतं. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभवसुद्धा मी आजवर हसायलाच वाचायचे. आता तुम्ही माझ्यावर हसा... पण पूर्ण वाचून हसा.

माझं नाव शीतल. सांगलीत विश्रामबागला राहते. मी अजितची दुसरी बायको. पहिली वैशाली, ती आजारपणात गेली. मी तिला कधी पाहिलेलं नाही, पण राहते तिच्यासोबतच म्हणा ना. आमच्या स्वयंपाकघरातलं एकूण एक भांडं तिच्या लग्नातलं, म्हसवडच्या भांड्याच्या दुकानातून नाव घालून आणलेलं. ते टर्रर्र करणारं मशीन हातात धरून दुकानदार ठिपक्याठिपक्यांनी नाव घालतो बघा, तसं. पातेल्यावर वैशाली, परातीवर वैशाली, उलथन्यावरसुद्धा वैशाली! सकाळच्या चहापासूनच आमची गाठ पडते.

बाकी सगळं मी चालवून घेतलं. पण एक स्टीलचा पेला आहे, अजित पाणी पितो तो फक्त त्याच पेल्यातून. मी हौसेने काचेचे ग्लास आणले, तांब्याची बाटली आणली — सगळं शोकेसमध्ये जाऊन बसलं. आणि पाणी पिताना तो अंगठा त्या नावावरून फिरवतो. त्याला स्वतःला ते कळतही नाही. मला कळतं. सरळच लिहिते, मला त्या पेल्याचा हेवा वाटायचा, अगदी जळफळाट व्हायचा. मला तो 'अगं' सोडून कधी हाक मारत नाही, आणि तिचं नाव मात्र रोज त्याच्या अंगठ्याखाली.

माझ्याकडे एक छोटं लेझर मशीन आहे. लाकडी नेमप्लेट, कीचेन असलं काहीबाही करते मी त्यावर. मध्यंतरी त्याची रोटरी मागवली. रोटरी म्हणजे दोन रबरी रोलर आणि एक मोटर. रोलरवर गोल वस्तू आडवी ठेवायची, ती हळूहळू फिरत राहते आणि लेझर वरून कोरतो. पाण्याच्या बाटल्यांच्या ऑर्डरी घेता येतील, असं मी घरी सांगितलं. मनात होता तो पेला.

तिचं नाव मी खोडणार नव्हते हं, इतकी वाईट नाही मी. त्याच पेल्याच्या मागच्या, कोऱ्या बाजूला माझं नाव घालणार होते, चांगलं ठसठशीत. म्हणजे पेला हातात घेतला की निदान चार बोटं तरी माझ्यावर येतील.

त्या दिवशी अजित कंपनीच्या कामाने शिरवळला गेला होता, संध्याकाळी यायचा होता. दुपारी जेवणं झाल्यावर मी मशीन विटांवर उचलून घेतलं, खाली रोटरी बसवली, मशीनच्या एका मोटरची वायर काढून रोटरीला जोडली. आधी एका साध्या ग्लासवर करून पाहिलं. घेराच्या जागी मी नुसता व्यास टाकला होता, त्यामुळे माझं नाव पार ताणून रबरासारखं निघालं. आकडा सुधारला, दुसऱ्यांदा झकास आलं. मग अजितचा पेला घेतला. माझ्या कामाचे व्हिडिओ मी टाकते, त्यात 'आधी आणि नंतर' दाखवायचं म्हणून त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. पेला रोलरवर ठेवला — वैशाली खाली, कोरी बाजू वर.

कोरण्याआधी जागा तपासायला लेझरचा बारीक ठिपका नुसता चौकोन फिरून दाखवतो. पेलाही तेवढा पुढे-मागे फिरतो आणि मूळ जागी येतो. यायला हवा. आला नाही. थांबला तेव्हा बरोबर ठिपक्याखाली 'वैशाली'.

घसरला असेल म्हणून मी पेल्याला रबरबँड लावले, पुन्हा केलं. पुन्हा वैशाली. पेला उलटसुलट केला, रोलर पुसले, रोटरीची पातळी बघितली... वैशाली! शेवटी वैतागून रोटरीची वायरच उपसली आणि पेला हाताने वळवून ठेवला. वायर माझ्या हातात होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत पेला सावकाश फिरला आणि तिचं नाव वर येऊन थांबलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणते.

"काय करतीस गं?"

"नाव घालतेय, आत्या. माझं."

"त्या पेल्यावर?" त्या आत आल्या. "तिला इचारलंस का?"

"कुणाला?"

"जिची भांडी हायती तिला. आगं, दुसरी घरात आली की पयलीच्या नावानं सवाष्णीची वटी भरायची, तिला म्हणायचं, बाई, आता मी हाय, मला वापरू दे. तुज्या येळंला तू म्हनलीस, मला न्हाई पटत असलं. म्या बी मग गप बसले."

माझं डोकंच फिरलं. "मी कशाला विचारू? इतकी वर्षं घासतेय कोण ही भांडी?"

"तूच घासतीस की. पर इचारायला काय जातंय?"

आत्या गेल्या. मी त्या पेल्याकडे बघत बसले आणि मला रडूच फुटलं. मी चक्क भांड्याशी भांडले. म्हटलं, "घालू दे की गं नाव! पातेली तुझी, पराती तुझ्या, नवराही आधी तुझाच. मला एवढं एक घालू दे!"

वायर अजून बाहेरच होती. पेला फिरला. कोरी बाजू वर आली आणि तिथेच राहिली.

मी घाबरले असं म्हणायला हवं, पण खरं सांगते, मला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटलं. पटकन वायर जोडली. स्टीलवर आधी काळा स्प्रे मारायचा असतो, लेझरने तो भाजून चिकटतो आणि बाकीचा पुसून टाकायचा. स्प्रे मारला, वाळवला, मशीन चालू केलं. लेझर अक्षर न् अक्षर फिरला, धूर निघाला, जळका वास आला. सगळं व्यवस्थित. ओल्या फडक्याने पुसलं... आणि खाली काहीच नाही. स्टील अगदी कोरं, नुसतं चकचकीत.

फडकं फिरवत मी पेला वळवला. 'वैशाली'च्या खाली, तेवढ्याच मापात, ठिपक्याठिपक्यांनी 'शीतल' लिहिलेलं होतं.

लेझर ठिपके ठोकत नाही हो. मी आत बोट घालून पाहिलं, तर आतून त्या नावाचे बारीक उंचवटे लागत होते, 'वैशाली'चे लागतात तसेच. दोन्हीकडचा 'श' एकाच हातचा, शेपटी जरा लांब ओढलेली. आणि ठिपके नवे नव्हते, वर्षानुवर्षं घासून बोथट झालेले. मी आत्यांना हाक मारली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी नावावरून बोट फिरवलं, मी वाचून दाखवलं.

"हे आधीपासून होतं का?"

"न्हवतं. तिच्या आईसंगं म्याच गेलते भांडी घ्यायला." एवढं बोलून त्या देवघरातनं कुंकू घेऊन आल्या आणि पेल्याला बोट टेकवलं. मी अडवलं नाही.

फोटो तपासले. सगळ्या बाजूंनी एकच नाव, वैशाली. लेझरवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं, तर म्हणाले पेला निमुळता असला की रोलरवर घसरतो. असेल, घसरत असेल. पण घसरून कुणाचं नाव उमटतं का?

संध्याकाळी अजित आला. मी त्याच पेल्यातून पाणी दिलं. त्याचा अंगठा नेहमीसारखा फिरला आणि मध्येच अडखळला. त्याने पेला खिडकीकडे धरला. "वैशाली," तो म्हणाला. माझ्यासमोर हे नाव त्याने कधीच उच्चारलं नव्हतं. मग म्हणाला, "शीतल." हेही पहिल्यांदाच. आधी तिचं, मग माझं... आता वरून खाली वाचणार, दुसरं काय करणार! त्याला वाटलं मीच घातलं. "छान केलंस," म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. मला खरं सांगता आलं नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. रोटरी तेव्हापासून बिनतक्रार चालतेय, बाटल्यांच्या ऑर्डरीही येतात. वैशालीचं मन फार मोठं होतं, असं घरात सगळे सांगायचे आणि मी म्हणायचे, गेलेल्या माणसाबद्दल सगळेच चांगलं बोलतात. आता रोज पेला घासताना दोन्ही नावं बोटांना लागतात आणि मी पुन्हा जळते. मशीन माझं, रोटरी माझी, हट्टही माझा, तरी माझं नाव शेवटी तिनेच घातलं. तिच्या जागी मी असते ना, तर मी पेला वळूच दिला नसता.