एक मेची तिसरी ओळ

आमच्या रिटायर लोकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. कंपनी चाकणची, माणसं कासारवाडीपासून कुरुळीपर्यंत पांगलेली. रोज सकाळी सहाच्या आत तिथं दिनविशेष पडतो. आजच्या तारखेला कुठली लढाई झाली, कुठला करार झाला, कोण जन्मलं, कोण गेलं. टाकणारा माझा जिवाभावाचा माणूस. आम्ही एकाच दिवशी कंपनीला लागलो; तो पुढे युनियनचा सेक्रेटरी झाला, आता ग्रुपचा ॲडमिन आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जगाचा इतिहास मला त्यानंच शिकवला म्हणा ना.

यंदा एक मेला त्यानं दोन ओळी टाकल्या. आज महाराष्ट्र राज्य झालं. आज कामगार दिन. त्याखाली मी एका बोटानं, पाऊण तास खपून, तिसरी लिहिली: याच दिवशी, सुट्टी असताना, प्रेसवर आपल्या लातूरकडच्या सोबत्याचा उजवा हात गेला.

त्या वर्षी एक मेला कंपनी कागदावर बंद होती. गेटाला कुलूप, आणि मागच्या दारानं आम्ही बाराजण आत. मालाची घाई होती. हजेरीचं कार्ड कुणाचंच पंच केलं नव्हतं. जेवण करून तो लातूरकडचा गडी पत्रा दाबायच्या प्रेसवर उभा राहिला आणि पाचव्या मिनिटाला त्याची किंकाळी आली. मी आणि सेक्रेटरीनं त्याला टेम्पोत घातलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. नंतर गडी गावाकडे गेला, मागच्या हिवाळ्यात वारला. डाव्या हातानं जेवायला शिकला होता, एवढंच मला ठाऊक.

तर माझी ओळ दहा मिनिटांत गेली. मला वाटलं, माझाच अंगठा कुठं लागला असेल. नात म्हणाली, "आबा, तुम्ही नाही काढली. ॲडमिननं काढली."

टोपी घातली आणि बसनं कुरुळीला त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर पेपर वाचत होता.

"ओळ का काढलीस?"

"बस की आधी. चहा घे."

"चहाला न्हाई आलो."

"अरे, ग्रुपात आताचे साहेब लोकबी हायेत. आन् तारीख चुकीची हाय तुझी. अपघाताच्या कागदावर दोन मे हाय."

"कागद कुणी केला?"

"तूच सही केलीस की, साक्षीदार म्हणून. माझ्या खालीच हाय."

सही मी केली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यानं कागद पुढे धरला, मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात त्यानं एक मे म्हटलेलं मला आजही ऐकू येतं. आकडे मला चांगले वाचता येतात. पण वाचताना माझे ओठ हलतात. शेजारी उभ्या कंपनीच्या साहेबांच्या देखत ओठ हलवायची लाज वाटली, आणि त्याचा कागद तपासायचा म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं. ऐटीत सही ठोकली.

"सुट्टीचा दिवस दाखवला असता तर त्याला उपचारबी मिळाले नसते," तो म्हणाला. "त्याच्या भल्यासाठीच केलं."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तू आडमुठा. सांगितलं असतं तर केली असतीस व्हय सही?"

नसती केली. हे तो बरोबर बोलला. माझा स्वभाव त्याला पक्का ठाऊक होता, आणि त्याच ओळखीवर त्यानं मला फसवलं. परक्याला माझ्या ओठांचं काय माहीत असणार? त्याच वर्षी तो सुपरवायझर झाला, तेव्हा शॉपमध्ये मशीनमशीनवर जाऊन पेढे मी वाटले होते.

चहा न घेता परत आलो.

दुसऱ्या दिवशी, दोन मेला, त्यानं त्या सोबत्याचा फोटो टाकला. आजच्या दिवशी कामावर हात गमावलेल्या आपल्या बांधवाला आदरांजली. बघता बघता खाली नमस्कारांची रांग लागली. त्या बारातले सातजण त्यात होते. सातही जणांना खरी तारीख ठाऊक होती.

मुलगा म्हणतो, ग्रुप सोडा, कशाला डोक्याला ताप. मी का सोडू? मी तिथंच लिहिलं: हात एक मेला गेला. दोन मेच्या कागदावर माझी सही आहे, ती मी न वाचता केली. त्यानं काढलं. मी पुन्हा लिहिलं. त्यानं पुन्हा काढलं. मला अजून ग्रुपातून काढलेलं नाही, आणि माझा फोनही तो उचलत नाही.